गणपतीला ११ दिवस गावी आणि गोल्डफिश घरी, ड्रमवाला ऑटोमॅटिक फीडर वापरून आलेला अनुभव

आमच्याकडे डोंबिवलीला हॉलमध्ये ३ फुटांची टाकी आहे, ३६ बाय १५ बाय १५ इंच, काठोकाठ भरली तर १३० लिटरच्या आसपास जाते पण खाली खडी आणि वर मोकळी जागा सोडून खरं पाणी ११० लिटर धरा. त्यात चार गोल्डफिश, दोन ओरांडा, एक र्‍युकिन आणि एक ब्लॅक मूर. लेकीने नावं ठेवलीत, बुंदी, जिलबी, केशर आणि काळू. यातली केशर आता नाहीये, तिच्याबद्दल पुढे लिहिते, कारण तिच्यामुळेच हा फीडर, म्हणजे ठरलेल्या वेळी माशांना आपोआप खाणं टाकणारं मशीन, घरात आला. रिव्ह्यू फीडरचा आहे पण नुसतं मशीन चांगलं की वाईट एवढं सांगून कोणाला उपयोग नाही असं मला वाटतं, सुट्टीवर जाताना माशांचं नेमकं काय करायचं हे कळलं तर मशीनचा उपयोग, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रॉब्लेम काय ते आधी सांगते. आमचं गाव कुडाळच्या पुढे आहे, गौरी-गणपतीला जायचं म्हणजे जायचंच, आणि रेल्वेचं तिकीट जे मिळेल त्या तारखेचं, त्यामुळे सहा-सात दिवसांचा सण असला तरी घर बंद १०-११ दिवस राहतं. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यातली तीन कोकणातली, म्हणजे गणपतीत मजलाच रिकामा होतो. चौथ्या घरातल्या काकू सांगलीकडच्या, त्या इथेच असतात, आणि त्यांचा माशांवर फार जीव आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही ९ दिवस गेलो तेव्हा चावी काकूंकडेच दिली होती आणि खाण्याचा अख्खा डबा त्यांच्या हातात ठेवला. रोज सकाळी चिमूटभर घाला एवढंच सांगितलं. आता चिमूट कोणाची केवढी हे मी सांगितलंच नाही. काकू म्हणाल्या, "अगं मी समोर गेले की चौघं काचेला तोंड लावून उभे राहायचे, मला बघवेना, मग परत थोडं घालायचे." आणि हे खरंच आहे, गोल्डफिश तसेच वागतात, पाच मिनिटांपूर्वी खाल्लेलं असलं तरी माणूस दिसला की उपाशी असल्यासारखे वर येतात. त्यांना आपल्यासारखं जठरच नसतं, घशात दात असतात त्यांनी चावतात आणि पुढे थेट लांबलचक आतडं, त्यामुळे पोट भरलं म्हणून थांबणं असं फारसं होत नाही, दिवसभर थोडं थोडं शोधत खात राहायचं ही त्यांची पद्धत. हे काकूंना माहीत असायचं काही कारण नव्हतं, मला माहीत होतं आणि मी सांगायला हवं होतं.

परत आलो तर पाणी दुधट, दार उघडल्या उघडल्या वास, खडीवर न खाल्लेल्या दाण्यांचा थर, आणि केशर तळाला आडवी. मे महिना, पंखा बंद, खिडक्या बंद, पाण्याचं टेंपरेचर ३१ डिग्री. टेस्ट किटने पाण्यातला अमोनिया, म्हणजे माशांसाठी विषच, बघितला तर रंग गडद हिरवा आला, म्हणजे खूप जास्त, एरवी आमचा शून्य असतो. रात्री दीड वाजेपर्यंत पाणी बदलत बसलो, बाकी तिघं वाचले. केशर सकाळी गेली. लेक तेव्हा सात वर्षांची होती, तिने दोन दिवस टाकीकडे बघितलं नाही. काकू तर इतक्या रडल्या की मला त्यांचीच समजूत काढावी लागली. केशरच्या जागी आम्ही नंतर एक छोटा ओरांडा आणला, त्याचं नाव मोदक.

तेव्हापासून मी याच्या मागे लागले आणि एक गोष्ट पक्की कळली की मालक बाहेरगावी असताना घरचे गोल्डफिश उपासाने जाणं फार कमी, जास्त खाणं पडून पाणी बिघडलं म्हणून जातात. मासे थंड रक्ताचे, अंग गरम ठेवायला त्यांना आपल्यासारखी ताकद खर्चावी लागत नाही. थंड देशात लोक गोल्डफिश बाहेर तळ्यात ठेवतात तिथे पाणी १० डिग्रीच्या खाली गेलं की खाणं घालणंच बंद करतात, अख्खा हिवाळा तसाच काढतात ते. आपल्याकडे पाणी गरम म्हणजे त्यांची भूक आणि पचन दोन्ही जोरात, त्यामुळे तो हिशोब आपल्याला जसाच्या तसा लागू नाही, तरी पण जुनी सेट झालेली टाकी असेल, मासे मोठे आणि तब्येतीने चांगले असतील तर आठवडाभर काही न घालता ते आरामात राहतात. काचेवरचं हिरवं शेवाळ खातात, खडी उपसत बसतात. छोटी पिल्लं असतील तर मात्र असं करू नका, त्यांना रोज लागतं.

आणि खाणं जास्त झालं की काय होतं तर न खाल्लेले दाणे सडून अमोनिया होतो, खाल्लेल्याचाही शेवटी अमोनियाच होतो, मासे तो मुख्यतः कल्ल्यांमधून सोडतात. फिल्टरच्या स्पंजमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांची संख्या रोजच्या खाण्याला पुरेल एवढीच असते, एकदम तिप्पट खाणं पडलं तर ते काय करणार. त्यात पाणी गरम असेल आणि पीएच जास्त असेल तर तोच अमोनिया अजून विषारी होतो. आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम तर ३० डिग्रीला साडेसात. म्हणजे आमच्या मे महिन्यात सगळंच एकाच वेळी उलट गेलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीत ५ दिवस बाहेर होतो. खरं तर काहीच करायची गरज नव्हती पण केशरमुळे मनात भीती बसलेली, म्हणून दुकानातून तो पांढरा व्हेकेशन ब्लॉक, म्हणजे सुट्टीत टाकीत सोडून जायची खाण्याची वडी, आणला, १४ दिवसांचा म्हणून लिहिलेला. बहुतेक स्वस्त ब्लॉक प्लास्टर ऑफ पॅरिससारख्या मालाचे असतात आणि आत खाण्याचे कण असतात, प्लास्टर हळूहळू विरघळत जातं तसे कण मोकळे होतात अशी कल्पना. आमच्याकडे झालं असं की मासे त्याच्याकडे फिरकलेच नाहीत, मोदकने एक बाजू थोडी कुरतडलेली दिसली, बाकी ब्लॉक तसाच, त्यावर पांढरी बुरशी धरलेली आणि पाणी ढगाळ. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम, पाण्याचा जडपणाही वाढतो त्याने. कोणाकडे चालला असेल तर चांगलंच आहे पण गोल्डफिशच्या टाकीत मी परत घालणार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही.

दुकानात मासे ठेवून घेतात तेही विचारून पाहिलं होतं. पण तिथे आपले मासे दुसर्‍या माशांच्या पाण्यात जाणार, येताना पांढर्‍या ठिपक्यांचा रोग वगैरे घेऊन येणार, शिवाय पिशवीतून नेण्या-आणण्याचा ताण. तो विचार सोडून दिला.

मग मागच्या जानेवारीत हा फीडर घेतला. क्रॉफर्ड मार्केटला माशांच्या दुकानांमध्ये गेले होते, तिथे दोन-तीन प्रकार बघायला मिळाले, ऑनलाइन पण हेच मॉडेल चार वेगळ्या नावांनी दिसतं, माल एकच वाटतो. मला साडेआठशेला पडला. म्हणजे काय आहे तर एक पारदर्शक ड्रम, १०० मिलीचा, ड्रमला एका बाजूला खिडकी आणि त्यावर सरकणारी पट्टी, बाजूला मोटरचा डबा त्यात दोन पेन्सिल सेल, छोटा स्क्रीन, चार बटणं. ठरवलेल्या वेळी ड्रम एक पूर्ण गोल फिरतो, खिडकी खाली आली की दाणे पडतात, परत वर जाऊन थांबतो. दिवसातून ४ वेळांपर्यंत वेळ लावता येते. काचेच्या काठाला अडकवायला स्क्रूचा क्लॅम्प आणि झाकण असेल तर त्यावर बसवायला डबल टेप.

आता मुख्य मुद्दा, जो बॉक्सवर कुठेच लिहिलेला नाही. ड्रम १०० मिलीचा आहे म्हणून लोक तो भरतात. मी पण पहिल्यांदा पाऊण भरला होता. मग नुसतं बघायला म्हणून वर्तमानपत्र पसरून त्यावर हाताने बटण दाबून दाबून फिरवला आणि दाणे मोजले, ३ मिलिमीटरचे सिंकिंग पेलेट, म्हणजे पाण्यात बुडणारे दाणे आहेत आमचे. पट्टी अगदी कमीत कमी उघडी ठेवून सुद्धा एका फेरीला कधी २० पडले कधी ६४. चौसष्ट! आमचे चार मासे एका दिवसात मिळून ४०-४५ दाणे खातात आणि सुट्टीत मी त्याच्या निम्मेच देते. म्हणजे दोन वेळा लावला असता तर एखाद्या दिवशी पाचपट-सहापट पडले असते, आणि मी ५०० किलोमीटरवर.

मग हिशोब केला. दिवसाला २० ते २५ दाणे, ११ दिवस, म्हणजे जास्तीत जास्त २७५ दाणे. ते मोजून चमचात घेतले तर दीड चमचा भरला नाही, पोहे खायचा नाही, चहाचा छोटा चमचा. अकरा दिवसांचं चार माशांचं सगळं खाणं दीड चमचा! काकूंनी त्या मे महिन्यात अख्खा डबा अर्ध्यावर आणला होता हे तेव्हा डोळ्यासमोर आलं आणि कसंसंच झालं.

पण नुसता दीड चमचा ड्रममध्ये घातला तर वेगळा प्रॉब्लेम, दाणे इतके कमी असतात की खिडकीसमोर येतीलच असं नाही, एखादी फेरी रिकामी जाते. वेगवेगळं भरून बघत बघत शेवटी अडीच चमच्यांवर थांबले, तेवढ्यात एका फेरीला १४ ते २२ दाणे पडत होते आणि शेवटी शेवटी कमी होत ८-१० वर येत होते. हे मला चाललं. शेवटच्या दोन दिवसात कमी मिळालं तर काही बिघडत नाही. तुमचे दाणे वेगळे असतील तर तुमचा आकडा वेगळा येणार, म्हणून स्वतः कागदावर मोजल्याशिवाय हा फीडर टाकीवर लावू नका ही माझी खरंच हात जोडून विनंती आहे. एकदा-दोनदा नाही, निदान १५ फेर्‍या मोजा. अर्धा तास जातो. लेकीने वहीत कॉलम आखून आकडे लिहून घेतले, तिला मजा आली.

फ्लेक्स असतील तर हा फीडर घेऊच नका, पातळ पापुद्रे एकमेकांत अडकून खिडकीत गच्च बसतात, मग दोन दिवस काही नाही आणि तिसर्‍या दिवशी गठ्ठा. गोल सुके दाणेच हवेत. आणि पॅकेटच्या तळाचा भुगा चाळून काढा, चहाच्या गाळणीने होतं, भुगा पाण्यात पडला की मासे खात नाहीत आणि पाणी मात्र खराब होतं.

दुसरा मोठा विषय दमटपणा. फीडर घेतल्यानंतरच्या मे महिन्यात वापरला तेव्हा काही जाणवलं नाही, पण गणपतीच्या आधी ट्रायल घेतली तेव्हा ऑगस्टमधली मुंबईकडची हवा, त्यात फीडर टाकीच्या काठावर म्हणजे पाण्याच्या चार बोटं वर, चौथ्या दिवशी खिडकीजवळचे दाणे ओलसर होऊन एकमेकांना चिकटलेले. अजून दोन दिवस गेले असते तर तोंडच बंद झालं असतं. तेव्हा बघितलं की मोटरच्या बाजूला एक छोटी नळी निघते ती कशासाठी ते मला आधी कळलंच नव्हतं. ती एअर पंपची ट्यूब लावायला आहे. एअर पंपच्या लाइनला टी आकाराचा जोड लावून एक फाटा फीडरला दिला आणि व्हॉल्व्हने अगदी थोडी हवा सोडली की ड्रममध्ये कोरडी हवा खेळती राहते आणि टाकीची वाफ आत शिरत नाही. हवा जास्त सोडू नका नाहीतर हलके दाणे उडतात. हे केल्यावर परत आठ दिवस ट्रायल घेतली, दाणे शेवटपर्यंत कुरकुरीत. माहितीपत्रकात याचं एक बारीक चित्र आहे, शब्द एकही नाही. इतकी कामाची सोय आणि ती अशी लपवलेली, याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडे पावसाळ्यात त्याशिवाय हा फीडर टिकणारच नाही.

फीडर लावायची जागा पण बघावी लागते. एअर स्टोनच्या बरोबर वर लावला तर बुडबुडे फुटून तुषार खिडकीवर उडतात. फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे लावला तर दाणे प्रवाहाबरोबर मागे जाऊन फिल्टरच्या तोंडात ओढले जातात. आम्ही समोरच्या डाव्या कोपर्‍यात लावलाय, तिथे पाणी शांत असतं आणि खाली खडी नसलेली मोकळी जागा ठेवली आहे म्हणजे दाणे खडीत घुसत नाहीत. र्‍युकिन आणि ओरांडा असल्या गोल अंगाच्या माशांना पृष्ठभागावरून खाताना हवा गिळायची सवय लागते, मग काही वेळा ते तिरके तरंगायला लागतात, म्हणून मी तरंगणारे दाणे वापरतच नाही. घरी असताना दाणे आधी दोन मिनिटं भिजवून देते, ते फीडरमध्ये शक्य नाही, तेवढ्यासाठी परत आल्यावर दोन दिवस सोललेले उकडलेले मटार देते, पोट साफ राहतं त्यांचं.

जायच्या आधीची तयारी थोडक्यात लिहिते. पाणी ३० टक्के बदलणं निघायच्या तीन दिवस आधी, निघायच्या सकाळी नाही, काही बिघडलं तर आपण घरात असताना कळायला हवं. नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन घालायचंच, नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या बॅक्टेरियांना दोघांनाही मारतो. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. आणि नवीन मासा शेवटच्या पंधरा दिवसात आणायचा नाही, लेकीने कितीही हट्ट केला तरी.

तर आता प्रत्यक्ष गणपती. तुतारी एक्सप्रेसने रात्री निघालो, निघताना नवे सेल घातले, रोज सकाळी ९ ची एकच वेळ लावली. काकूंकडे चावी होती पण खाण्याचा डबा आम्ही कपाटात कुलूपबंद करून गेलो, हे त्यांनीच सुचवलं, म्हणाल्या माझा हात आवरणार नाही. त्यांचं काम एवढंच की रोज संध्याकाळी येऊन फिल्टर चालू आहे ना, मासे पोहताहेत ना बघायचं आणि मला व्हिडिओ पाठवायचा. गावात रेंज एकाच ठिकाणी येते, विहिरीच्या कठड्यापाशी, तिथे जाऊन लेक रोज संध्याकाळी आरतीच्या आधी व्हिडिओ बघायची आणि आजीला दाखवायची, ह्यो बघ काळू, ह्यो मोदक.

सहाव्या दिवशी काकूंचा फोन आला की सकाळपासून लाइट नाहीये, पाऊस जोरात आहे. इथे या फीडरची एक मर्यादा लक्षात आली जिचा मी विचारच केला नव्हता. फीडर सेलवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी तो आपला वेळेवर खाणं टाकणार, पण फिल्टर आणि एअर पंप बंद! म्हणजे नेमकं जेव्हा खाणं पडायला नको तेव्हा पण पडणार. नशिबाने मी मे महिन्यानंतर बॅटरी बॅकअपवाला एअर पंप घेऊन ठेवला होता, लाइट गेली की तो आपोआप सुरू होतो, त्यामुळे हवा चालू होती. मी काकूंना सांगितलं की फीडर उचलून बाजूला ठेवा, लाइट आली की दुसर्‍या दिवशी लावा. लाइट संध्याकाळी आली. एक दिवस मासे उपाशी राहिले, काही फरक पडला नाही. पण घरी बघणारं कोणी नसतं तर? म्हणून मला वाटतं ज्यांच्याकडे लाइट जाते त्यांनी फीडर घ्यायच्या आधी तो बॅकअपवाला पंप घ्यावा. पैसे एकाच गोष्टीला असतील तर पंपाला घाला, आणि आठवडाभर जायचं असेल तर फीडर नसला तरी चालेल.

अकराव्या दिवशी रात्री परत आलो. लेक चपला न काढता टाकीकडे धावली. चौघंही समोर आले. पाणी स्वच्छ, काचेवर थोडं शेवाळ, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० च्या रंगाला टेकलेला, जो जाताना २० होता, अकरा दिवस पाणी न बदलता एवढं वाढणारच, दुसर्‍या दिवशी पाणी बदललं. ड्रममध्ये तळाला दाणे शिल्लक होते. केशर गेली त्यानंतर पहिल्यांदाच मी लांबच्या गावाहून परत येऊन दार उघडताना माझा हात थरथरला नाही.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. ट्रायल चालू असतानाच, आठवड्याभरात, मासे मोटरचा आवाज ओळखायला लागले. घर्रर्र असा बारीक आवाज येतो ड्रम फिरताना, तो आला की चौघं डाव्या कोपर्‍यात जमतात, दाणे पडायच्या आधीच. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची असते असं लोक म्हणतात ते चुकीचं आहे, ते वेळ, जागा, आवाज सगळं लक्षात ठेवतात. आणि त्यांना ऐकायलाही चांगलं येतं, कार्प जातीच्या माशांमध्ये हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते त्यामुळे आवाज नीट पोचतो. काळूची नजर कमी आहे, ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आलेले असतात आणि त्यांना नीट दिसत नाही, एरवी खाताना तो नेहमी मागे पडायचा, बाकीचे आधी संपवायचे. फीडरच्या आवाजावर आता तो सगळ्यांबरोबर पोचतो. यासाठी मी आता घरी असताना सुद्धा सकाळचं खाणं कधीकधी फीडरनेच देते.

तक्रारी पण लिहायला हव्यात. क्लॅम्प तकलादू आहे, आमची काच ८ मिलिमीटरची आहे, त्यावर कसाबसा बसतो आणि स्क्रू जास्त आवळला तर प्लास्टिक वाकतं, यापेक्षा जाड काच असेल तर टेपवरच भागवावं लागेल. खिडकीची पट्टी तीन-चार महिन्यांनी सैल झाली, ड्रम फिरताना आपोआप सरकते, मी जागेवर ठेवून बाहेरून चिकटपट्टी लावली आहे. ही पट्टी सरकली तर चौदाचे चाळीस दाणे व्हायला वेळ लागणार नाही, त्यामुळे हा मला सगळ्यात गंभीर दोष वाटतो, यात कंपनीने खाचा द्यायला हव्या होत्या. सेल काढले की घड्याळ परत शून्यावर जातं आणि लावलेल्या वेळा पुसल्या जातात, म्हणून सेल बदलल्यावर वेळ लावायला विसरू नका, नवे सेल घालून तसेच निघालात तर फीडर फिरणारच नाही किंवा भलत्याच वेळी फिरेल. हाताने फिरवायचं बटण मेनूच्या बटणाला अगदी खेटून आहे, सेटिंग करताना दोनदा चुकून दाबलं गेलं आणि दाणे पडले, म्हणून सेटिंग नेहमी टाकीपासून लांब, टेबलावर करा. वॉरंटी काही नाही.

५ पैकी साडेतीन देईन. साडेतीन मोटरसाठी आणि त्या हवेच्या नळीसाठी, दीड कापला तो पट्टी, क्लॅम्प आणि माहितीपत्रकासाठी. ५-६ दिवस जाणार असाल तर हे पैसे खर्च करू नका, चांगलं पाणी आणि चालू फिल्टर ठेवून निघा. ८ ते १५ दिवसांसाठी घ्या. त्याहून जास्त दिवस असतील तर मी नुसत्या फीडरवर सोडून जाणार नाही, मध्ये कोणीतरी येऊन पाणी बदलायला हवंच. आणि घरी येणारं विश्वासाचं माणूस रोज मिळत असेल तर फीडरपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे औषधांच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा मिळतो ना सोम-मंगळ लिहिलेला, त्यात रोजचे दाणे मोजून भरून द्या आणि मूळ डबा लपवा. काकूंना मी आता तोच दिला आहे, छोट्या दोन-तीन दिवसांच्या फेरीला लागत नाही खरं म्हणजे, पण त्यांनाही माशांना खायला घालायचं असतं, आणि मोजलेले दाणे असल्यामुळे त्या पण निर्धास्त.

घेताना दुकानात बॉक्स उघडायला लावा, सेल घालून चार-पाच वेळा फिरवून बघा, पट्टी सैल आहे का ते बोटाने हलवून बघा आणि एअरची नळी असलेलंच मॉडेल मागा. एकाच दिसणार्‍या बॉक्समध्ये नळी नसलेले पण येतात.